कौलारू घर दर पावसाळ्यात त्याच जागी गळते? कौल बदलण्याआधी हे तपासा

मे महिन्यात कौले परतून (उतरवून पुन्हा नीट लावून) घ्यायची, मजुरी चुकती करायची आणि मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला माजघरात पुन्हा त्याच जागी टोप लावायचा, हे कोकणात कितीतरी घरांत वर्षानुवर्षे चालू आहे. राजापूर-लांजा-देवगड या पट्ट्यात छपरांची दुरुस्ती करत आणि करवून घेत आलो आहे, त्यावरून सांगतो. गळती पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येत असेल तर दोष बहुधा त्या जागच्या कौलाचा नसतो. पाणी आत शिरते एकीकडे आणि टपकते दुसरीकडे. आपण टपकते तिथले कौल बदलतो, म्हणून गळती जात नाही.

आधी लक्षणे बघा

गळती कधी सुरू होते आणि कधी थांबते, यावरून निम्मा उलगडा होतो.

- पाऊस आला की लगेच ठिबकते, थांबला की दोन-चार मिनिटांत बंद: कौल फुटलेले किंवा सरकलेले आहे. सगळ्यांत सोपी केस.
- सरळ पावसात घर कोरडे, पण वारा सुटून झड आली की गळते: कौलांचे खाचे नीट बसलेले नाहीत, कोने (छपराच्या माथ्यावरची कौले) सुटलेत किंवा उतार कमी आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे समुद्राकडच्या पाख्यात, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूत, हे जास्त दिसते.
- पाऊस लागून बराच वेळ झाल्यावर सुरू होते आणि उघडीप पडली तरी ठिबकतच राहते: पाणी कुठेतरी तुंबते आहे किंवा मुरते आहे. पातेरा (साठलेला पालापाचोळा), पन्हळ (छपराचे पाणी वाहून नेणारी नाळ), भिंतीचा सांधा इथे शोधा.
- भिंतीच्या माथ्याशी ओला पट्टा, चुना फुगलेला: वळचण (छपराची खालची कड) किंवा पडवीचे पाखे भिंतीला मिळते ती जागा.
- वाशाखाली पिठासारखा भुसा, वाशावर जुने काळे ओघळ: गळती जुनी आहे आणि आता लाकूडही धोक्यात आहे.
- पत्र्याच्या शेडखाली पहाटे थेंब पडतात, रात्री पाऊस नव्हता: ही गळती नव्हे. पत्रा थंड पडल्यावर आतल्या दमट हवेचे पाणी होते. वारा खेळायला जागा ठेवा, स्क्रू पिळत बसू नका.

पाऊस चालू असताना पोटमाळ्यावर जा

याला एक पैसा लागत नाही, तरी कोणी करत नाही, कारण तेव्हा सगळे टोप-बादल्या लावण्यात गुंतलेले असतात. गळत असतानाच बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. थेंब पडतो तिथून वर, आढ्याच्या म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने, वाशाच्या बाजूने उजेड मारत जा. ओल्या लाकडावर उजेड चमकतो. पाणी कौलाच्या पाठीवरून रिपेवर (कौले टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर) येते, रिपेवरून वाशाला लागते, वाशाच्या अंगाने दोन-चार हात खाली घसरते आणि एखादा खिळा, गाठ किंवा जोड आला की तिथे सुटून खाली पडते. म्हणजे माजघरात टोप लागतो त्याचे भोक कधीकधी देवघरावर असते. ओल जिथून सुरू होते तिथे वाशाला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. खडूची खूण ओल्या लाकडावर राहत नाही. सुतळी पुढच्या मेपर्यंत राहते आणि वर चढणाऱ्या माणसाला नेमकी जागा दाखवता येते.

माळ्यावरून विजेच्या वायरी गेल्या असतील आणि त्यांच्यावर पाणी येत असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच वर जा. जुन्या घरांत कापडी आवरणाच्या वायरी अजून आहेत, त्यांना हात लावू नका.

उन्हात खालून बघा

भर दुपारी दिवे घालवा, खिडक्या लोटून घ्या आणि वर बघा. दोन कौलांच्या सांध्यातून येणारी फिकट रेघ चालते, कारण हवा तिथूनच खेळते. कौलाच्या अंगातून थेट डोळ्यात येणारा ठिपका मात्र भोकाचा किंवा तड्याचा. वानरांनी उडी मारलेल्या जागी आणि माडाखाली असे ठिपके ओळीने सापडतात. नारळ, झावळी, सुके फांदे यांनी फुटणाऱ्या कौलांसाठी कौल बदलणे हा अर्धाच उपाय आहे. माड पाडून घ्यायचे वेळापत्रक ठेवा आणि घरावर आलेली आंब्या-फणसाची फांदी उतरवा.

पातेरा, पन्हळ आणि केबल

शिडी भिंतीला लावून, पाख्यावर पाय न ठेवता, लांब काठीला खराटा बांधून जेवढे झाडता येईल तेवढे झाडा. कौलाच्या खाचेत आंब्याची पाने कुजून त्यात शेवाळ धरले की ते पाणी अडवते. मग पाणी कौलाची कड ओलांडून आत उतरते, आणि कौल तर धडधाकट असते. बदलले तरी गळणारच. दोन पाखी मिळतात त्या घळीतला पत्रा आणि वळचणीची पन्हळ ही तर पातेऱ्याची आवडती जागा. पन्हळीत एक बादली पाणी ओता आणि ते दुसऱ्या टोकाला किती जोरात पडते ते पाहा.

याच वेळी डिशची किंवा इंटरनेटची केबल आत कुठून आली आहे ते बघा. केबल बसवणारा कौल थोडे उचलून वायर आत सरकवतो आणि निघून जातो. कौल नीट टेकत नाही आणि पाणी वायरीच्या अंगानेच घरात येते. केबल वळचणीखालून भिंतीतून घ्या आणि आत शिरण्याआधी बाहेर तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी सुटून पडते. गेल्या काही वर्षांत ही गळती मला फुटक्या कौलांइतकीच सापडते आहे.

कौल बदलायचे तर कसे

माळ्याला छत नसेल तर एखाददुसरे सरकलेले कौल आतूनच वर ढकलून रिपेवर अडकवता येते. कौलाच्या पाठीमागची नाके रिपेवर बसली पाहिजेत. नाक तुटले असेल तर ते कौल कितीही वेळा सरकवा, वाऱ्याने खाली येणारच. नवे किंवा जुने कौल बसवण्याआधी हातात उभे धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. कच्चे कौल पाणी पिते, जड होते आणि त्याच्यावर शेवाळही लवकर धरते.

वेगवेगळ्या कारखान्यांची कौले

इथे थोडा वेळ थांबतो, कारण वर्षानुवर्षे न सुटलेल्या गळत्यांत मला सर्वांत जास्त वेळा हेच कारण मिळाले आहे.

मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळूर आणि केरळ भागात कितीतरी कारखाने झाले आणि त्यांची कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरली. कौल उलटे करून बघा, पाठीवर कारखान्याचे नाव किंवा शिक्का असतो. नमुना सगळ्यांचा एकच दिसतो, पण प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. लांबीत, रुंदीत, कडेच्या खाचेच्या खोलीत काही मिलिमीटरचा फरक पडतो. एका छापाच्या कौलाशेजारी दुसऱ्या छापाचे लावले की खाच खाचेत पूर्ण बसत नाही, एक कोपरा वर राहतो. सरळ पावसात काही होत नाही. झड आली की वारा त्या फटीतून पाणी आत ढकलतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा दापोली, मंडणगड, मुरूडपर्यंत छपरांची दाणादाण उडाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेले. पाऊस तोंडावर, कौले मिळेनात. ज्याला जिथून मिळाली तिथून त्याने आणली; पाडलेल्या घरांची, शाळांची, गोठ्यांची जुनी कौलेही लागली. त्या वेळी ते बरोबरच होते, घर झाकणे महत्त्वाचे होते. पण ती सरमिसळ अजून पाख्यांवर तशीच आहे, आणि त्या घरांतली मंडळी दर मे महिन्यात फुटके कौल शोधत असतात.

देवगड तालुक्यातल्या एका घरात स्वयंपाकघरावर हेच झाले होते. पश्चिमेच्या पाख्यावर तीन छापांची कौले होती. आम्ही एकही नवे कौल आणले नाही. सगळे पाखे उतरवले, अंगणात छापाप्रमाणे ढीग लावले, एका छापाची जी सर्वांत जास्त निघाली ती पश्चिमेला लावली, दुसरी पूर्वेला आणि उरलेली गोठ्यावर. एका चौरस मीटरला पंधरा-सोळा कौले लागतात, त्यावरून कुठल्या ढिगात किती पाखे भागेल याचा हिशेब आधीच करता येतो. काम मजुरीचे आहे, सामानाचे नाही. म्हणूनच सामानावर नफा काढणारा माणूस हा उपाय सहसा सुचवत नाही.

कोने, घळी आणि भिंतीचे सांधे

इथून पुढे वर चढावे लागते. सवय नसेल तर स्वतः चढू नका.

आढ्यावरचे कोने सिमेंटच्या मालात बसवतात. ऊन-पावसाने माल तडकतो आणि कोना जागेवर दिसला तरी हाताने हलतो. हलणारा कोना काढून, खालचा जुना माल पूर्ण खरवडून, कौल ओले करून नव्याने बसवायचा. जुन्या मालावर नवा थर लिंपला तर तो पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. माल फार कडक सिमेंटचा नको. चुना मिसळलेला माल थोडे हलणे सहन करतो. आढ्याखाली टपकत असेल तर कोने तपासल्याशिवाय पाख्याला हात लावू नका.

पडवीचे पाखे मुख्य भिंतीला मिळते तिथे बहुतेक ठिकाणी सिमेंटची कड ओढलेली असते. लाकडी छप्पर हलते, जांभ्याची भिंत हलत नाही, मग ती कड फाटणारच. पक्का उपाय म्हणजे जांभ्यात आडवी खाच पाडून पत्र्याची पट्टी आत दाबायची, वरून खाच भरून घ्यायची आणि पट्टीची खालची बाजू कौलांवर मोकळी सोडायची. त्याने भिंतीवरून येणारे पाणी कौलांवर पडते, सांध्यात जात नाही.

पाण्याची परीक्षाही याच टप्प्यावर. उघडीप असताना एकाने नळी धरायची, दुसऱ्याने माळ्यावर बसायचे. सुरुवात वळचणीपासून, एकेका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटे, मग हळूहळू वर. आढ्यापासून सुरुवात केली तर सगळे पाखे एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. नळी पावसासारखी वरून खाली धरा, खालून वर फवारा मारू नका; तसे केले तर चांगले छप्परही गळेल.

उतार आणि लाकूड

मंगलोरी कौलांना दर दोन फुटांमागे किमान एक फूट चढ हवा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इथे उतारात काटकसर चालत नाही. पडवी पुढे वाढवताना जुन्या पाख्याचीच रेघ लांबवली तर कपाळाला कौल लागते, म्हणून उतार कमी केला जातो. असे पाखे कौल बदलून कधीच थांबणार नाही. एकतर वासे उचलायचे, नाहीतर तेवढ्या भागाला पत्रा घालायचा. वळचणीची शेवटची रीपही बघा. ती इतरांपेक्षा जाड लागते, कारण शेवटच्या ओळीला खालून दुसऱ्या कौलाचा आधार नसतो. तिथे साधी रीप मारली तर ती ओळ खाली झुकते आणि वरच्या ओळीशी फट पडते.

लाकडासाठी स्क्रू ड्रायव्हर पुरे. वासा भिंतीवर टेकतो तिथे आणि काळे ओघळ आहेत तिथे टोचा. टोक आत जात नसेल तर वासा चांगला. सहज अर्धा इंच गेले तर तो आतून संपला आहे. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागायचा आणि कीड कमी धरायची. गॅस आल्यापासून स्वयंपाकघरावरच्या वाशांकडे मुद्दाम बघावे लागते. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती भिंतीवरून कुठे उतरते तेही पाहा, नुसती खरवडून उपयोग नाही.

पत्र्याच्या शेडचे थोडक्यात: गळती बहुतेक स्क्रूंपाशी असते. वॉशरचे रबर उन्हाने कडक होते, खाऱ्या वाऱ्याने स्क्रूचे डोके गंजते. जुना स्क्रू पिळून घट्ट करू नका, नव्या वॉशरसह नवा लावा. सिमेंटचे जुने पत्रे मात्र सोडून द्या. त्यांवर पाय दिला तर मोडतात, आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्यामुळे ते घासणे-कापणे छातीला घातक.

इथे थांबा

आढे मध्ये बसलेले दिसते, पाख्याला पोट आले आहे, वाशाचे टोक भिंतीत कुजले आहे, जांभ्याच्या भिंतीला वरून खाली तडा गेला आहे: यांपैकी काहीही असेल तर कौले काढू नका. कौलांचा भार एका बाजूने कमी झाला की कमकुवत छप्पर सरकते. आधी चांगला सुतार, भिंत गेली असेल तर इंजिनिअर. झाड किंवा फांदी घरावर येणाऱ्या विजेच्या तारेवर पडली असेल तर १९१२ वर महावितरणला कळवा आणि प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत छपराजवळ जाऊ नका. ओल्या कौलांवर, शेवाळावर कोणीच चढू नये, सवयीचा गडीसुद्धा. भर पावसात गळतीवर एकच उपाय: आतून ताडपत्री बांधून पाणी एका बादलीत घ्या आणि उघडीप येऊ द्या.

वादळात नुकसान झाले असेल तर आवराआवर करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करा.

माणूस कसा निवडायचा

अंगणात उभा राहून वर बघत जो आकडा सांगतो त्याला काम देऊ नका. जो आधी माळ्यावर जायला मागतो, बॅटरी मागतो, "कुठल्या वाऱ्याला गळतं?" असे विचारतो, त्याच्याशी पुढचे बोला. "कौले काढून सगळा पत्राच मारूया" हे पहिलेच वाक्य असेल तर त्याला गळती शोधायची नाही. सगळे सांधे सिमेंटने लिंपून देतो, डांबर फासतो, कौलांखाली प्लॅस्टिक अंथरतो, असे म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. लिंपलेली कौले पुढच्या दुरुस्तीला फोडूनच काढावी लागतात, आणि प्लॅस्टिकखाली अडकलेल्या दमटपणाने रिपा कुजतात.

त्याने केलेले, निदान एक पावसाळा काढलेले घर बघायला मागा. तिथे घरमालकापेक्षा घरातल्या बाईमाणसाला विचारा. टोप अजून कुठे लावावा लागतो ते तिला ठाऊक असते.

गळती शोधण्याचे काम रोजावर द्या, कारण त्याला वेळ लागतो आणि उक्त्यात (अख्ख्या कामाची एकच रक्कम ठरवून) शोध घाईने उरकला जातो. अख्खे पाखे परतायचे असेल तर उक्ते ठरवा. दोन्ही बाबतींत वहीच्या एका पानावर लिहून घ्या: कुठले पाखे, कोने धरून की सोडून, लाकूड कुठले आणि किती जाडीचे, सामान कोण आणणार, उतरवलेले लाकूड कोणाचे, गडी पडला-लागला तर खर्च कोणाचा. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण उंचीवरच्या कामात तो आधीच विचारायचा. गड्यांना दोर आणि चढायला फळी न देणाऱ्या ठेकेदाराकडून काम करून घेऊ नका.

फुटकी कौले टाकून द्यायची नाहीत, अंगणात रचून ठेवायची असे आधीच सांगा. बिलातली कौले आणि तो ढीग जुळला पाहिजे. उचल सामानापुरती द्या आणि मजुरीचा थोडा भाग पहिल्या मोठ्या झडीपर्यंत राखून ठेवा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही, पाऊस पडला की तो स्वतःच "काकू, कुठे ठिबकतं का हो?" म्हणून फोन करतो.

मुंबई-पुण्याहून फोनवर काम सांगणाऱ्यांनी माळ्यावरून काढलेले फोटो मागावेत, कामाआधी आणि नंतर, त्याच वाशाचे, सुतळीच्या खुणेसह. अंगणातून काढलेल्या छपराच्या फोटोवरून काही कळत नाही. शेजारच्या घरातल्या कोणाला तरी पहिल्या पावसात एकदा माळ्यावर डोकावायला सांगून ठेवा, नाहीतर गळती गणपतीला घर उघडल्यावरच समजते.

माणूस मे महिन्यात शोधू नका. तेव्हा प्रत्येकजण चार घरी शब्द देऊन बसलेला असतो. लाकडाचे काम दिवाळीनंतर, कौलांचे शिमगा झाल्यावर, आणि रोहिणी निघायच्या आत सगळे आटोपलेले. काम संपले की तुमच्या पाख्यावरच्याच छापाची वीस-पंचवीस चांगली कौले आणि दोन-तीन कोने गोठ्याच्या भिंतीला उभे करून ठेवा.